लॉगर बिघडला नव्हता

कुठल्याही दुकानात शिरले की काका आधी छताकडे बघायचे. दुकानदार हात पुढे करून "हॅलो" म्हणत उभा असायचा आणि हे मान वर करून ट्यूबलाइट मोजत असायचे. मोजणी संपली की मगच खाली बघून हात मिळवायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, छत गळतंय की काय. दुसऱ्या दिवशी वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. हे दुसरं मत मी आजतागायत बदललेलं नाही, फक्त पुढे त्यात बरीच भर पडली.

मी मूळची नागपूरची. मेकॅनिकल करून इथे एम.एस. केलं आणि न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरजवळच्या एका लहानशा कंपनीत चिकटले. राज्य सरकार तेव्हा छोट्या व्यापाऱ्यांना वीज वाचवण्यासाठी रिबेट द्यायचं. प्रत्येकाच्या वीजबिलातून चिमूटभर पैसे बाजूला काढायचे, आणि जो दुकानदार जुने दिवे किंवा जुना फ्रीझर काढून कमी वीज खाणारा नवा बसवील, त्याच्या खर्चातला मोठा वाटा त्यातून उचलायचा. वीज खरोखरच वाचणार आहे की नाही, हे जाऊन बघणारे इन्स्पेक्टर म्हणजे आम्ही. काका आमच्यातले सगळ्यात जुने. सांगलीकडचे, साठी ओलांडलेले. ऑफिसातले लोक त्यांच्या आडनावाचा पहिला तुकडा मोडून तेवढ्यानंच हाक मारायचे. मी आठ दिवस "सर" म्हटलं. नवव्या दिवशी त्यांनी गाडीत डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि मी मुकाट्यानं "काका"वर आले.

दाराखिडक्यांच्या फटींतून गरम हवा कुठे निसटते हे शोधायला कंपनीनं धूर सोडणारी एक पेन्सिल दिली होती. काकांच्या मते ती निव्वळ उधळपट्टी. ते मोगऱ्याची उदबत्ती पेटवायचे आणि ती हातात धरून दुकानभर, चौकटी-चौकटीला फिरायचे. धूर जिथे हलला तिथे खडूची खूण. एका देशी किराणा दुकानाच्या मालकानं हे बघून पायातले बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला आणि काका मागच्या दारापर्यंत पोचेस्तोवर हात जोडून त्यांच्या मागे मागे आला. शेवटी त्यानं एक डॉलर आणि नारळ पुढे केला. काकांनी डॉलर परत केला, नारळ ठेवून घेतला.

पिझ्झावाल्यानं मात्र ऑफिसात तक्रार केली, की तुमचा माणूस माझ्या दुकानात येऊन कसलासा विधी करून गेला. आमच्या मॅनेजरबाईंनी उदबत्ती बंद करण्याची चिठ्ठी पाठवली. काकांनी तीन पानी उत्तर दिलं. त्यात पेन्सिलचा धूर आणि उदबत्तीचा धूर यांचा तौलनिक तक्ता होता, आणि शेवटी उदबत्तीला वासही बरा येतो अशी नोंद होती. बाईंनी नाद सोडला.

घरी गेलं तर पाहुण्याला पाण्याच्या आधी शाल मिळायची. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी यांचा थर्मोस्टॅट बासष्ट फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या सोळा-सतराच्या, वर जायचा नाही. स्वतः कानटोपी आणि मफलर घालून सोफ्यावर बसलेले. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "दोन माणसांना दोन खोल्यांत दोन दिवे लागतात."

"आणि हे कारण मुलीकडच्यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही. ते स्वतःच उठून गेले."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान पंगतीत घडलेलं होतं. लहानपणी ते गावातल्या लग्नांत वाढायला जायचे. आग्रह करकरून जिलबी वाढायची, खाणाऱ्यानं "नको नको" म्हणत ती पानात टाकायची, आणि शेवटी पत्रावळी उचलताना ते सगळं उकिरड्यावर. "का टाकतात? कारण फुकट असतं," ते म्हणायचे. जी वीज कोणाच्या उपयोगाला न येता जळते तिला त्यांचा शब्द होता, पानात टाकलेली वीज. "कोळसा जाळायचा, धूर सोडायचा, कोणाच्या बापाचं काय जातं? धुराला भाव लावा. मग बघ, एकेक जण कसा दिवे मालवत फिरतो." न्यू जर्सीनं शेजारच्या राज्यांबरोबर वीजकेंद्रांच्या धुराला खरोखरच भाव लावायचं ठरवलं, आणि तो पैसा वीज वाचवण्याच्या कामी लावायचं ठरवलं, त्या दिवशी काकांनी ऑफिसात पेढे वाटले. मुलगा झाला का, असं कोणीतरी विचारलं. "धूर विकायला काढला," काका म्हणाले. विचारणाऱ्यानं पेढा घेतला आणि तो घाईनं आपल्या जागेवर गेला.

मला या रिबेटमधली एक गोष्ट कधीच पटायची नाही. पैसे मिळायचे ते आधीची वीज आणि नंतरची वीज यांच्या फरकावर. एका फर्निचरच्या शोरूमचा मालक भर दुपारी दोनशे दिवे जाळायचा. त्याला एवढी घसघशीत रक्कम मिळाली, की त्यानं काकांबरोबर फोटो काढायचा हट्ट धरला. काका काही फोटोत उभे राहिले नाहीत. परत येताना मी गाडीत चिडून म्हटलं, "म्हणजे जो उधळतो त्याला बक्षीस, आणि जो आधीपासून जपून वापरतो त्याच्या तोंडाला पानं पुसायची?"

"औषध रोग्याला देतात," काका म्हणाले. "धडधाकट माणसाला कशाला?"

त्यांचा अहंकार एकाच गोष्टीचा होता. अकरा वर्षांत त्यांच्या एकाही फाइलवर 'चूक' असा शेरा नव्हता. बाकीच्यांच्या फाइली राज्याच्या ऑफिसातून परत यायच्या, त्यांची कधी आली नाही. हे ते दर दोन-तीन आठवड्यांनी मला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा चेहऱ्यानं सांगायचे.

आता मावशी. मावशी कोल्हापूरच्या. नेल सलोन आणि ड्रायक्लीनरच्या मध्ये त्यांचं छोटं दुकान होतं. गोठवलेल्या पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, भाजणी, चकली. आजूबाजूच्या तीन-चार गावांतली मराठी माणसं त्यांच्याकडून न्यायची. काका दर शनिवारी तिथे थालीपीठ खायचे आणि त्या थालीपिठाच्या बदल्यात विजेवर प्रवचन द्यायचे. मावशी काकांना भाऊ म्हणायच्या, काका त्यांना ताई. बाकी गिऱ्हाइकं ते प्रवचन सुरू झालं की पिशवी उचलून निघायची. मावशी मात्र खरंच ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, भाऊ बोलायला लागले ना, की मला शाळेत बसल्यासारखं वाटतं. पण चांगल्या शाळेत."

२००८च्या उन्हाळ्यात मावशींचे यजमान नोकरीला होते ती लॅब बंद पडली. घर दुकानावर आलं. आणि सप्टेंबरात दुकानाचा मोठा फ्रीझर आचके द्यायला लागला. आरोग्य खात्याचा माणूस येऊन थर्मामीटर लावून गेला आणि स्पष्टच सांगून गेला: ऑक्टोबरअखेर नवा फ्रीझर बसला नाही तर दुकानाला टाळं. त्या दिवसांत बँका कोणालाच दारात उभं करत नव्हत्या. रिबेट मिळालं तरच फ्रीझर, आणि फ्रीझर आला तरच दुकान. दिवाळीही ऑक्टोबरअखेरच होती.

काकांनी फाइल स्वतःकडे घेतली. पहिली पायरी सोपी होती. मीटरपाशी लॉगर बसवायचा. लॉगर म्हणजे हाताच्या पंजाएवढी डबी, दर पंधरा मिनिटांनी किती वीज गेली हे ती सात दिवस टिपून ठेवते. तोच "आधीचा" आकडा. काकांनी डबी बसवली, मावशींची कागदांवर सही घेतली, स्वतःची केली, थालीपीठ खाल्लं. मीही खाल्लं. आठव्या दिवशी आम्ही लॉगर काढायला गेलो तर मावशी दारातच उभ्या होत्या, दहावीचा निकाल लागल्यासारख्या.

"बघा भाऊ, किती कमी आलंय! तुम्हाला मान खाली घालायला लागू नये म्हणून जिवाचं रान केलं हो."

काकांनी सवयीनं वर बघितलं. सहापैकी एकच ट्यूब चालू होती. मग त्यांनी फ्रीझरच्या पाठीला तळवा लावला, ताप बघावा तसा.

"ताई, हा बंद आहे."

"सात दिवस बंद आहे!" मावशी आनंदानं म्हणाल्या. "पोळ्या, मोदक, सगळं चार घरांत वाटून ठेवलंय. दोन बॉक्स देशपांड्यांच्या गराजमधल्या फ्रीझरमध्ये, बाकी इकडेतिकडे. सरकारी तपासणी म्हटल्यावर काय, कमीच दिसायला पाहिजे ना?"

मला हसू आलं. शाळेत तपासणीला डेप्युटी यायचे त्या दिवशी आम्हीही असंच करायचो; वर्ग झाडून, फाटक्या वह्या लपवून, शहाण्या मुलांना पुढे बसवून. पण इथे डेप्युटीला फाटक्या वह्याच बघायच्या होत्या. लॉगरच्या हिशेबानं मावशींचं दुकान जवळजवळ वीजच वापरत नव्हतं. नवा फ्रीझर बसला तर वीज वाचण्याऐवजी वाढणार होती. म्हणजे रिबेट शून्य.

काकांनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं. मावशींना पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा त्या बाकावर बसल्या आणि पदरानं उगाचच काउंटर पुसायला लागल्या.

"म्हणजे मी उधळलं असतं तर मिळालं असतं?"

काका या वेळी औषध-रोगी वगैरे काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी थालीपीठही खाल्लं नाही.

खरं तर मार्ग होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. मोजणी पुन्हा घ्यायची परवानगी दोनच कारणांनी मिळायची. यंत्र बिघडलं म्हणून, नाहीतर इन्स्पेक्टर चुकला म्हणून. पहिलं कारण सगळे सर्रास लिहायचे. मॅनेजरबाई स्वतःहून म्हणाल्या, "लॉगर फेल झाला म्हणून लिहा आणि मोकळे व्हा. मी लगेच अप्रूव्ह करते."

"लॉगर उत्तम चालला होता," काका म्हणाले.

"हो, पण कोणाचं काय नुकसान होतंय?"

"त्या यंत्रानं माझं काय वाकडं केलंय? त्याच्यावर खोटा आळ कशाला घेऊ?"

मी गाडीत बसल्यावर फुटलेच. "काका, एका डबीच्या अब्रूपायी तुम्ही एका बाईचं दुकान बुडवणार? तुम्हाला लिहायचं नसेल तर मी लिहिते. माझी सही घाला."

"तुझी सही अजून कोरी आहे," ते म्हणाले. "तिला पहिल्याच घासाला खडा नको."

मला त्यांचा मनापासून राग आला होता. तत्त्वाची माणसं जवळ असली की त्रास त्यांना कमी आणि शेजारच्यांना जास्त होतो, असं माझं तेव्हा ठाम मत झालं. दोन दिवस मी त्यांच्या डब्यातली भाकरी घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तर काका मावशींची फाइल उघडी टाकून बसले होते. त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. तो सूचनांचा कागद होता. लॉगर बसवताना तो अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि समजावून सांगायचा, असा नियम. पहिलीच ओळ होती: या सात दिवसांत दुकान नेहमीसारखंच चालवा.

"हे मी ताईंना वाचून दाखवलं होतं का?"

मी आठवून बघितलं. पिझ्झावाल्याला वाचलं होतं, फर्निचरवाल्याला वाचलं होतं. मावशींच्या वेळी कागद पुढे सरकवून "ताई, तुम्हाला काय वाचून दाखवायचं, करा सही" म्हणाले होते आणि थालीपीठ समोर ओढलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"खाली 'वाचून दाखवले' असं छापलंय. त्याखाली कोणाची सही आहे?"

सही त्यांचीच होती.

"मला वाटत होतं मी खोटं लिहिणार नाही म्हणतोय," काका म्हणाले. "आणि लिहून तर मोकळा झालो होतो. त्या बाईला तीन वर्षं कमी वापरा, कमी वापरा म्हणून कोणी शिकवलं? मी. आणि ज्या आठवड्यात तसं करू नका म्हणून सांगायचं, त्या आठवड्यात मी खात होतो."

त्यांनी फेरमोजणीच्या अर्जावर त्यांच्या त्या सुबक अक्षरात कारण लिहिलं. इन्स्पेक्टरची चूक, अर्जदाराला सूचना वाचून दाखवल्या नाहीत, तरीही वाचल्याची सही केली. मी वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. नुसतं चुकलो म्हटलं असतं तर ताकीद मिळाली असती. पण खोटी सही म्हटल्यावर इन्स्पेक्टरचा परवाना रद्द, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"काका, शेवटचं वाक्य काढा. मोजणीला पहिलंच पुरतं."

"अर्धं खरं लिहू?"

"हो! लिहा ना अर्धं! कोण बघतंय?"

ते माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अगं, ते अर्धं पान मी उरलेली वर्षं कुठे टाकू?" एवढंच म्हणाले आणि कागद घेऊन मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले.

बाईंनी त्यांना तासभर समजावलं. काचेतून मला दिसत होतं. त्यांनी कागद दोनदा परत केला आणि काकांनी दोनदा पुन्हा टेबलावर ठेवला. दोन आठवड्यांत परवाना गेला, आणि परवाना नसलेला इन्स्पेक्टर कंपनीला ठेवता येत नव्हता. अकरा वर्षांच्या निर्मळ फाइली वर्षभर पुन्हा तपासल्या जाणार होत्या, परक्या माणसांकडून. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली.

"ताईंना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर तो फ्रीझर उघडताना त्यांना दर वेळी मी आठवेन. पोळ्या काढायला अडचण होईल."

मी शब्द दिला.

दुसरी मोजणी मी केली. सूचनांचा कागद मी मावशींना मराठीत, सावकाश, दोनदा वाचून दाखवला. चार घरांतून पोळ्या परत आल्या. सहाही ट्यूब लागल्या. मावशी सात दिवस डोळे वर न करता वावरल्या, आणि कधी चुकून नजर गेलीच तर "जळतंय गं उगाच" म्हणून हळहळायच्या. रिबेट मंजूर झालं. दिवाळीला दहा दिवस असताना नवा फ्रीझर बसला आणि आरोग्य खात्याचा माणूस थर्मामीटर बघून, मान डोलावून गेला.

"भाऊ कुठे आहेत?" मावशी मला दर वेळी विचारायच्या. मी कधी म्हणायचे कामात आहेत, कधी म्हणायचे सर्दी झालीय. माझ्या हाती त्यांनी चिवडा पाठवला. काकांनी डबा स्वच्छ धुऊन परत पाठवला, रिकामा. आपल्याकडे कोणी रिकामा डबा परत पाठवतं का? किमान चार दाणे साखर तरी घालतात. पण काकांच्या एकट्याच्या संसारात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसणार. मावशींनी त्या डब्याचा अर्थ लावायचा तो लावला.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी त्यांना मदतीला गेले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑर्डरी दाराबाहेरपर्यंत गेलेल्या. मावशींनी एक बॉक्स वेगळा बांधला, त्यावर "भाऊ" लिहिलं, आणि मग तो पुन्हा उघडून पोळ्या ट्रेमध्ये ठेवायला लागल्या.

"काय झालं मावशी?"

"नको. ज्याला यायचं नाही त्याच्या किती मागे लागायचं? माझ्या अडाणीपणामुळे त्यांच्या कागदांचा घोळ झाला, खाली बघायला लागलं असेल त्यांना ऑफिसात. रागावलेत. रागावू देत." असं म्हणेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात मात्र पोळ्या मोजत होते.

मला ते बघवेना. मी शब्द मोडला. काउंटरच्या मागे, दोन ऑर्डरींच्या मध्ये, सगळं सांगून टाकलं. कागद, सही, ते शेवटचं वाक्य, परवाना, नोकरी. माझं सांगून झाल्यावर मावशींनी अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला, दारावरची पाटी फिरवून "क्लोज्ड" केली आणि रांगेला म्हणाल्या, "सॉरी हं. आज बंद."

"अहो, पण मी एडिसनहून ड्राइव्ह करून आलेय!" एक बाई म्हणाल्या.

"उद्या या. घरपोच देईन. आज बंद," मावशी म्हणाल्या. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, दुपारी दीड वाजता.

काकांचं घर गाडीनं दहा मिनिटांवर होतं. बेल वाजवल्यावर काकांनी दार उघडलं, डोक्यावर कानटोपी. आधी माझ्याकडे बघितलं आणि मी काय करून बसलेय ते त्यांना कळलं. मग मावशींकडे बघून एकदम घाबरल्यासारखे म्हणाले,

"ताई, तुम्ही इथे कशा? दुकानात कोण आहे?"

"कोणी नाही. बंद करून आलेय."

"आज? अहो, आज बंद ठेवतं का कोणी दुकान?"

"तुम्ही गप्प बसला असतात तर कायमचं बंद झालं असतं," मावशी म्हणाल्या. "आज एक दिवस मी माझ्या हातानं ठेवते."

आणि दारातच बूट काढून, त्यांना बाजूला सारून त्या आत गेल्या.